ठरलेला पगार आणि न ठरलेला चेहरा



 या व्याख्यानात सरळ विषयाला हात घालतो. विषय आहे दिलीप प्रभावळकर या नटाची कारकीर्द.

चि. वि. जोशींचा चिमणराव पडद्यावर दोन वेळा गाजला. पहिल्यांदा मास्टर विनायकांच्या काळात. १९४० सालचा ‘लग्न पहावं करून’ आठवा, किंवा वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला आठवा. त्यात चिमणराव दामुअण्णा मालवणकर आणि गुंड्याभाऊ विष्णुपंत जोग. दुसऱ्यांदा तो आला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, मुंबई दूरदर्शनवर. तेव्हा चिमणराव होते प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे.

पात्र एकच, पण नटांच्या जाती दोन. दामुअण्णांच्या डोळ्यात तिरळेपणा होता. तो त्यांनी लपवला नाही, उलट आयुष्यभर वापरला. ते पडद्यावर आले, त्यांनी नुसतं पाहिलं, की थिएटर हसायला लागायचं. चिमणराव असो की दुसरा कोणी, आधी दामुअण्णा दिसायचे आणि मग पात्र. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडच्या बहुतेक थोर सहायक नटांनी असाच संसार केला. निळू फुल्यांचा घोगरा, दाबून ठेवलेला आवाज घ्या, शरद तळवलकरांची गडबड घ्या. प्रेक्षक त्यांना पाहायला जायचा तो ‘तेच’ पाहायला, आणि निर्माता पैसे मोजायचा तेही ‘त्याच’चे.

प्रभावळकरांकडे असं काही नव्हतं. बांधा किरकोळ, चेहरा दादरच्या कुठल्याही चाळीत सापडेल असा, आवाज कमावलेला पण कानात घर करून बसणारा नव्हे. लोकलमध्ये शेजारी बसले असते तर तुम्ही त्यांना ‘जरा सरका’ म्हणाला असतात. अशा माणसाला चिमणराव मिळतो आणि घराघरात पोहोचतो, तेव्हा खरा धोका सुरू होतो. कारण चेहऱ्याला आता एक ओळख चिकटते. भित्रा, बायकोला वचकणारा, सज्जन कारकून. त्या काळी वाहिनी एकच. एक नट एका भूमिकेत एकदा घट्ट बसला की अख्ख्या महाराष्ट्राला तो त्याच भूमिकेत ठाऊक. ‘चिमणराव’नंतर त्यांनी चिमणरावच विकायचा ठरवला असता तर वीस वर्षं आरामात निघाली असती. तशा भूमिकांना आपल्याकडे कधी तोटा नव्हता.

ते त्यांनी केलं नाही. का केलं नाही याचं ठरलेलं उत्तर असं की कलावंताची ओढ, आव्हानांची आवड, वगैरे. ही ओढ खरीच आहे, पण ती पुष्कळांना असते. वयाच्या पस्तिशीत प्रत्येक नटाला आव्हानं हवी असतात. प्रश्न असा की नको असलेल्या कामाला ‘नाही’ म्हणायला पैसे लागतात, ते आणायचे कुठून? माझं म्हणणं थोडं रोकडं आहे. प्रभावळकर नोकरी करत होते. शास्त्र शाखेचे पदवीधर, एका औषध कंपनीत कामाला, आणि कारकिर्दीचा मोठा भाग ती नोकरी सांभाळून झालेला. त्या पगाराने त्यांना ‘नाही’ म्हणायची मुभा दिली. पुढचं सगळं मी या एका खुंटीवर टांगणार आहे. पटलं नाही तर प्रश्नोत्तरांत माझी खुशाल खरडपट्टी काढा.

हे एकट्या प्रभावळकरांचं नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, अशोक सराफ स्टेट बँकेत, शिवाजी साटम सेंट्रल बँकेत, बाळ कर्वे अभियंता. मुंबईतल्या बँका आणि कार्यालयं तेव्हा नाट्यस्पर्धा भरवत, तालमीसाठी लवकर सुटू देणारे साहेब असत, आणि छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटक करायला कुणाला मानधन मागायची गरज नसे. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास लिहिताना आपण नाटककार, दिग्दर्शक, संस्था असं सगळं लिहितो. महिन्याच्या एक तारखेला मिळणाऱ्या पगाराचा उल्लेख कुणी करत नाही.

प्रभावळकरांची सुरुवात याच वातावरणातली. विजय तेंडुलकरांचं ‘लोभ नसावा ही विनंती’ आणि रत्नाकर मतकरींची नाटकं. मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये त्यांनी विदुर केला आणि मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा, विदुर आणि चेटकीण. महाभारतातला सगळ्यात समंजस, सगळ्यात दुर्लक्षित माणूस एकीकडे, आणि लहान मुलांना किंचाळायला लावणारी नाकेली म्हातारी दुसरीकडे. व्यावसायिक नटाला कुणी हे दोन्ही एका वेळी देणार नाही. पण तिथे कुणाचं पोट या भूमिकांवर अवलंबून नव्हतं, म्हणून ‘तुला हे शोभत नाही’ असं सांगणाराही कुणी नव्हता. पुढे चार दशकांहून अधिक काळाने ‘आरण्यक’ पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हा विदुर पुन्हा तेच होते, आणि या वेळी वय पात्राला येऊन मिळालं होतं. रवी पटवर्धनांच्या धृतराष्ट्रासमोर तो विदुर ज्यांनी पाहिला त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

आता जिथे थांबायला हवं तिथे थांबतो. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ आणि संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’. ‘नातीगोती’त मतिमंद मुलाचे वडील, काटदरे, प्रभावळकर करत. मुलगा अतुल परचुरे, आई स्वाती चिटणीस. त्याच सुमारास, १९९१ साली, ‘चौकट राजा’ आला आणि त्यात ज्याच्या मनाची वाढ खुंटली आहे तो नंदू प्रभावळकरांनी केला. म्हणजे एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना हा नट उभा राहिला. एकदा सांभाळणारा, एकदा सांभाळला जाणारा.

मला वाटतं, नंदू इतका खरा झाला तो काटदऱ्यांमुळे. हे सिद्ध करता येणार नाही, पण बारकाईने पाहा. मतिमंद माणूस वठवताना नटाचा मोह कशाचा असतो? मान वाकडी, तोंड उघडं, बोटं वळलेली, लाळ. बाह्य लक्षणांची यादी पुरी केली की टाळ्या मिळतात. नंदूमध्ये ही लक्षणं नाहीत असं नाही, पण ती भूमिकेचा कणा नाहीत. कणा आहे तो समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा. आपलं काही चुकलं का, ही माणसं रागावली का, हे नंदू सतत वाचत असतो. ते त्याला उशिरा कळतं, कधी उलटं कळतं, आणि कळलं की सगळं अंग आक्रसतं. बालमैत्रीण मिनल समोर आली की तेच अंग मोकळं होतं. ही नजर कुठून आली? ज्याने प्रयोगामागून प्रयोग बापाच्या जागी उभं राहून अशा मुलाकडे पाहिलं आहे, त्याला मुलगा बापाकडे काय शोधतो हे ठाऊक झालेलं असणार. तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्या वयाच्या नटाला नायकाच्या जागी, तेही अशा नायकाच्या जागी, ठेवून कुणी सिनेमा काढला याचं श्रेय निर्मात्या स्मिता तळवलकरांचंही. अशोक सराफांचा गणा शेजारी नसता तर चित्रपट सोसवला नसता, हेही खरं.

दोनच वर्षांनी तात्या विंचू. महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मध्ये प्रभावळकर प्रत्यक्ष दिसतात ते थोडा वेळ. गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. मग बाहुला रामदास पाध्येंचा, आवाज प्रभावळकरांचा. ही वाटणी मला फार मजेशीर वाटते. पाध्ये शब्दभ्रमकार, म्हणजे आवाज हीच त्यांची कमाई, आणि इथे त्यांनी दिले हात. प्रभावळकर अंगाने अभिनय करणारे आणि त्यांनी दिला फक्त आवाज. त्या पिढीतली मुलं आज चाळिशीला टेकली आहेत, तरी ते नाव काढलं की अजून एकदा मागे वळून बघतात. त्यांच्यातल्या कितीजणांना तेव्हा माहीत होतं की हाच नंदू आहे? ‘साळसूद’ मालिकेतला खलनायक, ‘पछाडलेला’तलं इनामदार भुसनळ्यांचं भूत, ‘एन्काउंटर’मधला पुनाप्पा अवधकर, ही सगळी त्याच खात्यातली नावं. त्यांवर स्वतंत्रपणे बोलत नाही.

एक मात्र बोललं पाहिजे. रूप पालटण्यात एक सापळा असतो आणि प्रभावळकर त्यात कधीच अडकले नाहीत असं मी म्हणणार नाही. ‘हसवा फसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या, त्यांत एक स्त्री आणि एक संगीत रंगभूमीवरचा जख्ख म्हातारा नट. हे नाटक पाहताना प्रेक्षक एका डोळ्याने पात्र पाहतो आणि दुसऱ्या डोळ्याने घड्याळ, एवढ्या वेळात याने कपडे कसे बदलले म्हणून. टाळी पात्राला पडते की चपळाईला, हे सांगणं कठीण होतं. काही चित्रपटांतही रंगभूषा इतकी पुढे येते की आपण ‘कोण आहे ओळखलंत का’ या खेळात रमतो. म्हाताऱ्या गायक-नटाची भूमिका मात्र या सगळ्याच्या वर उठायची. तिथे विडंबनाची सोय पुरेपूर होती. ताना, हातवारे, जुने कपडे, सगळं हाताशी होतं. ती सोय वापरतानाही त्या म्हाताऱ्याविषयीचा आदर कुठे सुटत नसे. हसता हसता लोक गप्प व्हायचे.

पण ‘हसवा फसवी’चा मुद्दा वेगळाच आहे आणि माझ्या खुंटीकडे परत नेणारा आहे. सहायक नटाचं दुखणं हे की भूमिका दुसऱ्याच्या हातात असतात. फोन वाजला तर काम. प्रभावळकरांनी लेखणी हाती घेतली आणि निदान अर्धं दुखणं मिटवलं. ‘बोक्या सातबंडे’ मुलांसाठी, ‘गुगली’ क्रिकेटच्या वेडातून, ‘हसवा फसवी’ स्वतःसाठी. आणि वृत्तपत्रातलं ‘अनुदिनी’ हे सदर, ज्यातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका उभी राहिली. जो नट स्वतःच्या भूमिका स्वतः लिहू शकतो त्याला साच्यात घालणाऱ्यांची फार पर्वा करावी लागत नाही. आपल्याकडे हे फार थोड्यांना जमलं.

‘टिपरे’ २००१ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झाली, दिग्दर्शन केदार शिंदेंचं. मुलगा शेखर म्हणजे राजन भिसे, सून श्यामला म्हणजे शुभांगी गोखले, नातू शिऱ्या, नात शलाका, आणि आबा. प्रभावळकर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे, आबा त्याहून बरेच थोर. पुन्हा म्हातारा, पुन्हा रंगभूषा. तरी इथे रंगभूषा विसरली जाते, कारण आबा बहुतेक वेळ काही करतच नाहीत. ते बसलेले असतात, ऐकत असतात, मधेच एखादं वाक्य टाकतात. घरात चार माणसं तावातावाने बोलत असताना कोपऱ्यातला म्हातारा जे करतो ते. वर्तमानपत्राची घडी घालणं, चष्मा काढून पुसणं, आपलं ऐकलं जाणार नाही हे माहीत असूनही बोलणं. आणि मग रोजनिशी. दिवसभरात जे बोलता आलं नाही ते तिथे उतरायचं, आणि कळायचं की या माणसाच्या नजरेतून घरातलं काहीही सुटलेलं नाही.

ती मालिका आठवड्यातून एकदा लागायची. ही बाब तुम्हाला किरकोळ वाटेल, पण माझ्या मते सगळं गणित तिथे आहे. आठवड्याला एक भाग म्हणजे लिहायला वेळ, तालमीला वेळ, नटाला इतरत्र जायला वेळ. पुढे दैनंदिन मालिकांचं राज्य आलं. महिन्याला पंचवीस-सव्वीस भाग, सकाळचा कॉल, रात्रीचं पॅकअप, सीन हातात येतो तो सेटवर. सासरे, मामा, शेजारचे काका, वकील, अशा भूमिकांत आज उत्तम नट आहेत. अगदी उत्तम. पण एका मालिकेने तारखा घेतल्या की वर्ष दोन वर्षं तो माणूस त्या एका कुर्त्यात अडकतो. मालिका लोकप्रिय झाली तर अधिकच.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण साटमांचं. ‘सी.आय.डी.’ १९९८ साली सुरू झाली आणि वीस वर्षं चालली. एसीपी प्रद्युमन देशभर पोहोचला. परदेशातल्या भारतीय घरांतही लहान मुलं त्यांच्या हाताच्या हालचालीची नक्कल करायची. हे यश कुणी लहान मानू नये. पण त्याच साटमांनी २००४ साली ‘उत्तरायण’ केला. पुन्हा दळवींचीच कथा. उतारवयात पुन्हा भेटलेली शाळेतली मैत्रीण, नीना कुळकर्णी. इतकं हळुवार, इतकं अंग चोरून केलेलं काम मराठी पडद्यावर क्वचित झालं आहे. आज किती जणांना ते आठवतं? या सभागृहात हात वर करायला सांगत नाही, निराशा होईल. एसीपीचा आवाज इतका मोठा झाला की उत्तरायणातलं कुजबुजणं त्याखाली दबून गेलं. दोष साटमांचा नाही. माध्यमच असं आहे की ते एक चेहरा उचलतं आणि रोज तोच मागतं.

प्रभावळकरांना २००६ सालासाठीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो दोन चित्रपटांसाठी एकत्र. गजेंद्र अहिरेंचा ‘शेवरी’ आणि राजकुमार हिरानींचा ‘लगे रहो मुन्नाभाई’. ‘शेवरी’ फारसा कुणी पाहिला नाही. गांधी मात्र सगळ्यांनी पाहिले.

या गांधींविषयी एक गोष्ट नीट लक्षात घेतली जात नाही. बेन किंग्जले यांनी १९८२ मध्ये जे गांधी केले ते इतिहासातले होते. त्यांना चालायचं होतं, उपास करायचा होता, गोळी खायची होती. प्रभावळकरांना जे करायचं होतं ते मुन्नाच्या डोक्यातलं होतं. हा बापू जवळजवळ अखेरपर्यंत मुन्नाखेरीज कुणाला दिसत नाही, आणि चित्रपटाच्या शेवटाकडे उघड होतं की मुन्नाला जेवढं माहीत आहे तेवढंच याला माहीत आहे. ग्रंथालयात बसून मुन्नाने जेवढं वाचलं तेवढीच या बापूची पुंजी. आता हे वठवायचं कसं? सर्वज्ञ महात्मा केला तर पटकथा खोटी पडते. भूत केलं तर हसू होतं. प्रभावळकरांनी एक शहाणा मार्ग काढला. त्यांचा बापू घाई करत नाही आणि मुन्नाला ढकलत नाही. तो बोलतो ते मुन्नाला आतून आधीच कुठेतरी कळलेलं असतं, फक्त मान्य नसतं, अशा सुरात बोलतो. उपदेश ऐकल्यासारखा वाटत नाही, आठवण करून दिल्यासारखा वाटतो. आवाज खालचा, चेहऱ्यावर हलकी गंमत, जणू या दांडगटाची त्याला भीतीही नाही आणि तो सुधारेल याची खात्रीही नाही. संजय दत्तचा देह शेजारी ठेवला की ही किरकोळ आकृती अधिकच किरकोळ दिसते, आणि तरी दृश्य तिच्याकडे झुकतं. दादरच्या चाळीतला तो सामान्य चेहरा, ज्याच्यावर बाजार काही विकू शकत नव्हता, तो इथे कामी आला. ज्याचा चेहरा देशभर ठसलेला आहे अशा नटाला हे गांधी देता आले नसते. लोकांना आधी तो नट दिसला असता.

नंतरची वर्षं लवकर उरकतो. ‘सरकार राज’मध्ये रावसाहेब, इतर हिंदी कामं, मराठीत पुष्कळ आजोबा. आजोबा मिळत राहिले, कारण साठीनंतर नटाला दुसरं देतात काय? त्यांतले काही मला पुसटही आठवत नाहीत. अपवाद २०१३ चा ‘नारबाची वाडी’, आदित्य सरपोतदारांचा. मूळ मनोज मित्रांचं बंगाली नाटक, ते कोकणात आणलेलं. म्हाताऱ्या नारबाची वाडी खोताला हवी आहे. मनोज जोशींचा खोत करार करतो की नारबा जिवंत आहे तोवर दरमहा पैसे देईन, मेल्यावर वाडी माझी. झालं, म्हातारा मरायचं नाव घेत नाही. यातली मजा प्रभावळकरांनी कशी काढली ते पाहा. नारबा लबाड नाही. तो मरायला अगदी तयार आहे, दिलेल्या शब्दाचं ओझंही त्याच्यावर आहे. पण नियमित पैसे मिळायला लागल्यावर पोटात दोन घास जातात, अंगात तरतरी येते आणि मरण पुढे ढकललं जातं. दर महिन्याला ठरलेली रक्कम आली की माणूस किती तगतो! माझ्या सिद्धान्ताला याहून चांगला साक्षीदार मी कुठून आणू?

आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’. बाबुली मेस्त्री हा सिंधुदुर्गातला वयोवृद्ध दशावतारी. नजर अधू झालेली, मुलगा म्हणतो आता पुरे, आणि बाबुलीचा पाय रंगमंचावरून निघत नाही. एक्याऐंशीव्या वर्षी प्रभावळकर पुन्हा मुख्य भूमिकेत, आणि लोकांनी चित्रपट डोक्यावर घेतला. दशावतारात नट आपला चेहरा आपणच रंगवतो, संहिता हातात नसते, आख्यान ठाऊक असतं आणि संवाद उभ्या उभ्या रचायचे असतात. आज राक्षस, उद्या राणी. कंपनीचे पेटारे डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायचं आणि दिवसा शेती किंवा दुसरं काही करायचं, कारण निव्वळ नाटकावर भागत नाही. छबिलदासच्या हॉलमध्ये जे घडत होतं तेच हे. फक्त इथे शेती, तिथे कचेरी.

आता आपल्यातल्या तरुण नटांकडे वळतो. समोर काही बसलेले दिसत आहेत. बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या नोकऱ्या आता त्या उरल्या नाहीत, आणि ज्या आहेत त्या साडेपाचला सुटत नाहीत. तालमीला सोडणारा साहेब आज स्वतःच रात्री नऊपर्यंत लॅपटॉपसमोर असतो. मग घराचा हप्ता भरायला मालिका, आणि मालिकेने ठरवलेला चेहरा. ‘सर, मी वेगळं काही करू शकतो’ हे वाक्य मी मुलाखतींत इतक्यांदा ऐकलं आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. पण ते वेगळं करण्याच्या महिन्यांचा खर्च कुणी द्यायचा? शासनाच्या स्पर्धा आहेत, काही संस्था आहेत, काही जण वेब मालिकांतून थोडं कमावून पुढचे सहा महिने प्रायोगिक नाटकाला देतात. पुण्यातली दोन-तीन तरुण मंडळी दिवसा शाळांत नाट्यप्रशिक्षण देतात आणि संध्याकाळी तालीम करतात. त्यांनी मला हिशेब दाखवला, तो कसाबसा जुळतो. त्यांच्यापैकी एक जण मागच्या महिन्यात एका मालिकेची ऑडिशन देऊन आला. भूमिका नायिकेच्या काकाची, वय पंचावन्न, त्याचं स्वतःचं एकतीस. घ्यावी की नाही, हे तो मला विचारत होता. मी त्याला विचारलं, आठवड्याला भाग किती?